सुपडाअक्काची राखण

सुपडाअक्काचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, गावाला आग लागली.

आम्ही नुकतेच बैलगाडीतून उतरलो होतो. माझ्या यजमानांची त्या गावच्या शाळेवर बदली झाली होती. गाव शिंदखेड्याच्या पुढे, बुराई नदीच्या काठचं. मी जळगावात वाढलेली, मला तिथली बोलीसुद्धा धड कळत नव्हती. गाडीवान ट्रंका उतरवत होता, हे शाळेची किल्ली कुणाकडे मिळेल ते विचारत होते, आणि तेवढ्यात शेजारच्या अंगणातून असा काही आरडाओरडा उठला, की बैल बुजले, गाडी पुढे सरकली आणि माझ्या भांड्यांचा हारा रस्त्यात लवंडला.

"घाऽऽर उनी वं! घाऽऽर!"

पाठोपाठ गल्लीतल्या सगळ्या दारांतून बायका बाहेर. कुणी ताट बडवतंय, कुणी पदर उडवतंय, कुणी नुसतंच तोंडाने हाऽहाऽ करतंय. त्या सगळ्यांच्या मधोमध एक उंच, काळीसावळी, हाडापेराने मजबूत बाई. हातात लांबलचक काठी, काठीच्या टोकाला जुन्या लुगड्याचं काळं फडकं. ते फडकं आभाळात नाचवत ती घारीला अशा शिव्या घालत होती, की हे घाईघाईने गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. घारीने एक घिरटी घेतली, दुसरी घेतली आणि नदीकडे निघून गेली. बाईने काठी टेकवली, आणि मान तशीच वर ठेवून मला म्हणाली, "मास्तरनी बायको का तू? भांडा वेची ले. घार गयी."

सुपडाअक्काशी माझी ओळख झाली ती अशी. पुढे आम्ही त्या गावात होतो तितकी वर्षं ती माझी शेजारीण. मधे फक्त एक कमरेएवढी मातीची भिंत.

तिची ती वर गेलेली मान मला आधी गर्वाची वाटली. मग कळलं, तो कोंबड्या पाळायच्या धंद्याचा गुण आहे. जन्मभर घारीवर डोळा ठेवून तिची मानच तशी झाली होती. तिच्याशी बोलायला उभं राहिलं की आपल्याला तिची हनुवटी दिसायची. लग्नाच्या मांडवात ती नवरानवरीऐवजी मांडवाच्या वर बघत बसायची. कुणाच्या घरी दुःखाला गेली, तरी दोन शब्द बोलायची, डोळे पुसायची आणि ओल्या डोळ्यांनी एकदा आभाळ तपासून घ्यायची.

घरात ती एकटी. नवरा केव्हाच गेलेला. मुलं झाली आणि गेली, झाली आणि गेली. मग जे शेवटचं झालं त्याला जगावं म्हणून जन्मताच उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उखर्डू. तो जगला. उखा म्हणून सगळं गाव त्याला हाक मारायचं. चांगला दांडगा, हसरा गडी, असं बायका सांगायच्या. मी त्याला पाहिला नव्हता, कारण आम्ही गेलो त्याच्या आधीच तो पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला होता. दुसरं महायुद्ध चालू होतं. उखा कुठल्या मुलखात आहे, हे गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं. "समुद्रना पलाड," एवढंच अक्का सांगायची.

आणि इथे त्या कोंबड्याची गोष्ट सुरू होते.

उखा गेला त्या आठवड्यात अक्का गावाबाहेरच्या मरीमायच्या ठाण्यावर गेली. निंबाखाली ओटा, ओट्यावर शेंदूर माखलेले दगडी तांदळे. तिथे नवस बोलायची रीत सोपी. पोरगं सुखरूप घरी आलं की कोंबडा देईन, असं म्हणायचं. कोणता कोंबडा, ते कुणी सांगत नाही. वेळ आली की खुराड्यातला असेल तो न्यायचा, नसेल तर शेजारणीचा मागून न्यायचा. देवी काही ओळख पटवत बसत नाही. पण अक्का पडली उत्साही. नवस बोलायला जाताना तिने काखेत एक कोवळा तांबडा कोंबडा नेला होता, नुकता तुरा फुटलेला, तिच्या सगळ्या खुराड्यातला सर्वांत देखणा. तो देवीपुढे धरून, त्याच्या कपाळाला कुंकू लावून, वर त्याच्याकडे बोट दाखवून तिने सांगितलं, "मरीमाय, मन्हा उखा सुखरूप घर उना ना, ते हाऊ कोंबडा तुले दिसू. हाऊच!"

ऐकून बायका हबकल्याच. कारण असं बोट दाखवलं की संपलं. आता तोच द्यायचा. तो मेला, पळाला, कुणी खाल्ला, तर नवस फुटला. आणि नवसाला द्यायचा जीव सगळा धड हवा, नखापासून तुऱ्यापर्यंत. शेजारची सोनाबाई मला सांगायची, "मी तिले तव्हाच म्हनं, बोट कसाले दखाडं वं अक्का? नुसता कोंबडा म्हनती ना!"

अक्काचं उत्तर ठरलेलं. "देवीले देवानं ते चांगलंच देवानं. मरतुकडं कसाले दिऊ?"

गावातला कोंबडा फार जगत नाही. आखाडी येते, पाहुणा येतो, जावई येतो. त्यातून वाचला तर घार, मुंगूस, रानमांजर, कोल्हा आणि साथीचा रोग. आणि लढाई तर संपायचं नाव घेत नव्हती. म्हणजे समुद्राच्या पलीकडे उखा आणि इकडे अंगणात तो कोंबडा, दोघांचा जीव अक्काच्या हिशेबी एका गाठीत बांधलेला. उखाला राखणं तिच्या हातात नव्हतं. कोंबड्याला राखणं होतं. मग काय विचारता!

तिचं खुराडं बघायला मी मुद्दाम भिंतीवरून वाकायची. खाली दगडांचा थर, मुंगसाला उकरता येऊ नये म्हणून. वर मातीच्या भिंती, दाराला जुना पाट, पाटाला बाहेरून बोरीची काटेरी फांदी. अंगणाच्या कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा मोठा ढीग. कापूस वेचून झाल्यावर झाडांच्या ज्या काड्या उरतात त्या लोक चुलीत घालतात, अक्का त्या पिल्लांसाठी रचून ठेवायची. घारीची सावली पडली की पिल्लं त्या काड्यांच्या पोटात शिरत. होळीनंतर उरलेला रंग ती पिल्लांना फासायची. हिरवी, गुलाबी, जांभळी पिल्लं अंगणभर पळताना बघून मी पहिल्यांदा पोट धरून हसले. "घारले वाटस, हाई काय खावानी वस्तू नही," असं तिने मला अगदी गंभीरपणे समजावलं. घारीला काय वाटत होतं कोण जाणे, पण रंगीत पिल्लू नेलेलं मी तरी पाहिलं नाही.

उवा आणि पिसवा यांच्याशी तर तिची रोजची लढाई. चुलीची राख एका खळग्यात ओतून ठेवायची, कोंबड्या तीत लोळायच्या. खुराड्यात निंबाचा पाला. सगळ्यात जालीम औषध म्हणजे सीताफळाच्या बियांची पूड. पण ती डोळ्यात गेली तर डोळा जातो, म्हणून नवसाच्या कोंबड्याला पूड चोळायची वेळ आली की अक्का आधी त्याच्या डोळ्यांवर फडक्याची पट्टी बांधायची. पट्टी बांधली की त्याला वाटायचं रात्र झाली. भर सकाळी तो तिच्या मांडीवर डुलक्या घ्यायचा, आणि पट्टी सोडली की नवा दिवस उगवल्यासारखा जोरात आरवायचा. हा खेळ मला इतका आवडायचा, की त्या दिवशी माझा भात हमखास लागायचा.

गल्लीने त्याचं नाव सुभेदार ठेवलं होतं, कारण चालणंच तसं होतं. अक्का मात्र त्याला नावाने कधी हाक मारायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, "देवीनी वस्तू शे ती. तिले आपुन काय नाव ठेवानं?"

जगातली सगळी माणसं आणि जनावरं तिने दोन ढिगांत वाटून टाकली होती. एक खानारा, एक राखनारा. नवं माणूस गावात आलं की ती हनुवटी वर ठेवून त्याला नीट बघून घ्यायची आणि निकाल द्यायची. कुत्रा राखनारा. कावळा खानारा. गावचे पाटील खानारा, आणि हे ती त्यांच्या तोंडावर सांगायची. आमच्या यांना तिने राखनारा म्हटलं, पण पुढे, "पन झोपाळू शे," अशी पुस्तीही जोडली. मी आठ दिवस घरात ते म्हणून म्हणून यांना जेरीला आणलं.

एकदा मुंगूस आलं. ते अक्काच्या मोरीच्या भोकातून आत शिरताना तिने पाहिलं, पण बाहेर येताना पाहिलं नाही. म्हणजे ते मोरीच्या नळीतच दडून बसलं होतं. दुसरं कुणी असतं तर काठी खुपसली असती. अक्काने घमेल्यात निखारे घेतले, त्यांवर वाळलेल्या मिरच्यांची ओंजळ टाकली, घमेलं मोरीच्या तोंडाशी ठेवलं आणि सुपाने वारा घालायला लागली. तिला वाटलं, धूर आत जाईल. वारा होता उलटा. धूर भिंत ओलांडून आमच्या घरात, आमच्या घरातून मागच्या पडवीत, आणि पडवीत भरत होती शाळा.

पाढे चालू होते. एकाएकी पाढे थांबले आणि खोकला सुरू झाला. सगळा वर्ग खोकतोय, नाकं गळताहेत, आणि हे दाराशी येऊन "कोण आहे, कोण आहे" म्हणायला तोंड उघडताहेत तर तोंडातून फक्त शिंका. पोरं एकमेकांना ढकलत पळाली ती थेट नदीवर. मी पदर नाकाशी धरून भिंतीशी गेले. "अहो अक्का, हे काय आरंभलंय?"

"मुंगूस शे मोरीमा!" डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण सूप थांबलं नाही. "निंघू दे आते त्याले! कितला येळ ऱ्हास ते देखस मी!"

निघालं की! शेपटी फुलवून, शिंकत शिंकत निघालं. खरंच सांगते, मुंगूस शिंकताना मी तेव्हाच पाहिलं. ते अक्काच्या पायांतून गेलं, अक्का सूप घेऊन त्याच्यामागे, तिच्यामागे कुत्रा, कुत्र्यामागे नदीवरून परतलेली निम्मी शाळा. मुंगूस पुन्हा त्या गल्लीत दिसलं नाही. शाळेला मात्र त्या दिवशी सुट्टी द्यावी लागली, आणि पोरं पुढे वर्षभर अक्काला विचारायची, "अक्का, मुंगूस उनं का?"

पण तिला खरी धास्ती दोन पायांच्या खाणाऱ्यांची. कुणी अधिकारी गावाला आला की पाटलाचा माणूस खुराडी धुंडाळत फिरायचा. एकदा शाळा तपासायला साहेब यायचे होते. जेवण पाटलाकडे, चहा आमच्याकडे. मी पोहे परतत होते, आणि मागच्या दारातून अक्का वादळासारखी आत शिरली. पदराखाली सुभेदार.

"बाई, घरमा दपाडी ठेव याले. पाटीलना मानूस ई राह्यना!"

"अहो, पण त्याला कुंकू आहे ना कपाळाला? नवसाचा आहे म्हणून सांगा."

"कुंकू पुसाले कितला येळ लागस त्याले?" ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

आमच्या घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नसे. माहेरी तर कोंबडी हा शब्दही जेवताना कुणी काढायचा नाही. पण अक्का कोंबडा माझ्यापुढे धरून उभी होती आणि कुणाकडे काही मागताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं. मी कोंबडा घेतला, आणि दार लागणारी एकच खोली होती तीत ठेवला. ती होती देवघराची. अक्का गेली आणि साहेब आले.

साहेब ओसरीवर बसले. हे समोर हात बांधून उभे. साहेबांनी पोह्यांचं कौतुक केलं, चहाची कपबशी उचलली, आणि देवघरातून आमच्या बाळकृष्णाच्या पायाशी बसून सुभेदाराने आरोळी ठोकली.

साहेबांची बशी तोंडाशीच थांबली. "मास्तर, तुमच्याकडे कोंबडा?"

"नाही साहेब," हे म्हणाले. यांना खरंच काही माहीत नव्हतं.

पुन्हा आरोळी. या वेळी आधीपेक्षा लांब, घोळवून.

यांचा चेहरा पांढराफटक. मी दाराआड उभी. मग न राहवून मी आडूनच बोलले, "देवीचा आहे तो. नवसाचा. शेजारच्या अक्कांचा मुलगा लढाईवर गेलाय, त्याच्यासाठी बोललेला. पाटलांचा माणूस धरून नेईल म्हणून ठेवलाय आत."

साहेबांनी बशी खाली ठेवली, उठले, देवघराच्या दाराशी जाऊन आत वाकून पाहिलं. सुभेदाराने त्यांच्याकडे मान वाकडी करून पाहिलं. साहेबांचा धाकटा भाऊ पलटणीत होता, हे आम्हाला मागाहून कळलं. त्यांनी बाहेर येऊन पाटलांना निरोप पाठवला, की आज मला वरण-बट्टी खायची इच्छा आहे, दुसरं काही करू नका.

संध्याकाळी अक्का कोंबडा न्यायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने ओसरीच्या दिशेने बघितलं आणि म्हणाली, "राखनारा." इतक्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाला तिने ही पदवी दिलेली मी एकदाच ऐकली.

अशी वर्षं चालली. उखाची खबर कधी यायची, कधी महिनोन् महिने नाही. खबर नसली की अक्का खुराड्याला आणखी एक काटेरी फांदी लावायची. एका वर्षी गावात कोंबड्यांवर साथ आली, घरोघरची खुराडी रिकामी झाली. अक्काने सुभेदाराला आपल्या झोपायच्या खोलीत आणून ठेवलं, दाराला आडणा घातला, बाहेरच्या कुणाला अंगणात पाय ठेवू दिला नाही. भिंतीशी मी गेले तरी ती ओरडायची, "तठेच ऱ्हाय!" तिच्या बाकीच्या कोंबड्या गेल्या. तो राहिला. त्या दिवसांत तिने मान वर केली नाही, कारण त्या शत्रूशी लढायला आभाळ बघून उपयोग नव्हता.

मग तो कापूस वेचणीचा हंगाम आला. भर दुपार, गल्ली ओस, सगळी माणसं शेतात. अक्काच्या नव्या कोंबडीने नुकतीच पिल्लं काढली होती म्हणून ती घरी. मी मागच्या ओट्यावर तुरीची डाळ निवडत होते. पिल्लं ऊन खात होती, सुभेदार त्यांच्याभोवती मिरवत होता, अक्का उंबऱ्यात बसून आभाळ बघत होती. आभाळ अगदी मोकळं होतं.

ते आभाळातून आलं नाही. पऱ्हाट्यांच्या त्या ढिगातूनच आलं. पिल्लांनी घारीपासून लपावं म्हणून अक्काने रचलेल्या ढिगात शेतातलं रानमांजर येऊन दबा धरून बसलं होतं. राखाडी अंग, लांब पाय, कानांच्या टोकांना काळे केस. मी ते पाहिलं तेव्हा ते हवेत होतं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मांजर झेपावलं पिल्लांवर आणि सुभेदार झेपावला मांजरावर. पळाला असता तर वाचला असता, पण तो पळणाऱ्यातला नव्हता. धूळ, पिसं, फिस्कारणं, आणि त्या सगळ्यात कोण वर, कोण खाली काही कळेना. अक्का मुसळ घेऊन धावली. मुसळ उचललं आणि हात वरच राहिला, कारण दोघं एकमेकांत असे गुंतलेले, की कोणाला लागेल याचा नेम नाही.

"सोड! सोड त्याले! सोड म्हनस ना!"

आणि तिने मुसळ फेकून दिलं आणि नुसत्या हातांनी त्या मांजराची मान धरली. बाई, काय ती हिंमत! मांजराने तिचा हात कोपरापर्यंत फाडला. तिने धरलेली मान सोडली नाही. उचललं, गरगर फिरवलं आणि मागच्या कुंपणापलीकडे भिरकावून दिलं. ते शेतात पडलं आणि दिसेनासं झालं.

मी भिंत ओलांडून गेले. अक्काच्या हातातून रक्ताच्या धारा लागलेल्या, पण तिला त्याची शुद्ध नव्हती. ती जमिनीवर बसून सुभेदाराला तपासत होती. नखं बघितली, धड. पंख उलगडून बघितले, धड. शेपूट विस्कटलेली, पण होती. तुऱ्याला खरचटलं होतं. मग तिने त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि तिचा हात थांबला.

"डोया," ती म्हणाली. "एक डोया गया."

हळद झाली, तूप झालं, निंबाचा रस झाला. डोळा परत आला नाही. कोंबडा मात्र आठवडाभरात पुन्हा मिरवायला लागला, एका बाजूला मान कलती ठेवून. मिरवायचं थांबलं ते अक्काचं. बायका सांगायला लागल्या, दुसरा चांगला कोंबडा घे, देवीला सांग की बदलला. ती म्हणायची, "बोट दखाडं ना मी." एवढंच. घार आली तर काठी घेऊन उठायची, पण शिव्या द्यायची नाही, आणि शिव्यांशिवायची ती अक्का मला बघवत नव्हती. तिच्या मनात काय आहे, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. लढाई संपल्याचं हे सांगत होते, बाकीच्या गावांतले शिपाई परतत होते, आणि उखा येत नव्हता.

आणि एक दिवस तो आला! शिंदखेडा स्टेशनवरून कुणाची तरी गाडी आली, गाडीमागे पोरांची झुंड, आणि पोरं ओरडताहेत, "उखाभाऊ उना! उखाभाऊ उना!" मी पोळी तव्यावर टाकून धावले. सगळी गल्ली धावली. खाकी कपड्यातला एक दांडगा गडी आधी काठी खाली सोडून मग स्वतः उतरला. त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. अक्काची नजर त्याच्या चेहऱ्यावरून त्या पायापर्यंत आली, तिथे थांबली, पुन्हा वर गेली. मग तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि इतक्या मोठ्याने रडली, की तो बिचारा "माय, मी शे ना, मी शे ना" म्हणत राहिला. आम्ही सगळ्याच रडलो. माझी पोळी जळून कोळसा झाली.

मंगळवारी नवस फेडायचा ठरला. गल्लीतल्या बायकांनी सकाळपासून मसाला वाटला. मिरवणूकच निघाली म्हणा ना. पुढे डफ, मागे अक्का, तिच्या काखेत कुंकू लावलेला सुभेदार, शेजारी काठी टेकत उखा. मीसुद्धा गेले, हे नको नको म्हणत असताना.

मरीमायच्या ओट्यावर भगत सुरी घेऊन बसलेला. त्याने कोंबडा हातात घेतला, मान वळवून पाहिली आणि खाली ठेवला.

"अक्का, हाऊ काना शे. काना चालत नही देवीले."

डफ थांबला. एवढ्या वर्षांची राखण, आणि ही वेळ. मला वाटलं, अक्का आता भगताला मुसळाने हाणते. तिने भगताकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ ओट्यापुढे जाऊन उभी राहिली आणि देवीशी बोलायला लागली, भिंतीवरून माझ्याशी बोलायची तशी.

"माय, तू मन्हा पोऱ्या लंगडा धाडा. मी काय म्हनं, का हाऊ चालत नही? जसा दिधा तसा घरमा लिधा. आते मी देस तसा तू ले."

उखा काठीवर रेलून खाली बघत होता. भगताने सुरीचं पातं धोतराला पुसलं, पुन्हा पुसलं, घसा खाकरला. रीत मोडायची त्याची छाती नव्हती आणि अक्काला नाही म्हणायचीही नव्हती. शेवटी तो म्हणाला, "कापता येवाव नही, अक्का. पन सोडता येस. देवीना कोंबडा म्हनीसन आठेच ऱ्हाई."

अक्काने विचार केला. मग सुभेदाराला उचलून ओट्यावर ठेवलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि देवीला बजावलं, "इतला दिन मी राखा. आते तू राख."

वाटलेला मसाला त्या दिवशी वांग्यांच्या भाजीत गेला. सोनाबाई कुरकुरली, पण भाजी झाली होती झकास.

पुढे थोड्याच दिवसांत आमची जळगावला बदली झाली. दुपार कलल्यावर आम्ही निघालो. गल्लीतल्या बायका वेशीपर्यंत आल्या, उखा काठी टेकत आला, अक्का कुठे दिसेना. मला फार वाईट वाटलं. रागही आला. इतक्या वर्षांची शेजारीण, निरोपाला येऊ नये?

गाडी मरीमायच्या ठाण्याजवळ आली तर निंबाखाली अक्का. डोक्यावर मोठं डालं, काखेत बोरीच्या फांद्या. मी गाडी थांबवून उतरले.

"अहो अक्का, इथे काय करताय? मी निघाले!"

"देखस ना. वाट इकडथूनच जास म्हनीसन थांबनू." तिने डालं खाली ठेवलं. सुभेदार आपण होऊन चालत आला आणि त्याच्याजवळ उभा राहिला. "रोज येस मी. दिन बुडाना आंगे याले झाकाले. मांजर हिंडी राह्यनी."

मला हसू फुटलं. "पण तो आता देवीचा ना? तुम्हीच तर तिला सांगितलंत राखायला."

अक्काने ओट्याकडे एकवार पाहिलं, माझा हात धरून मला जरा बाजूला नेलं आणि आवाज अगदी बारीक केला.

"देवी मोठी शे, बाई. पन तिले सगळा गावनं देखनं पडस. मन्हा उखावर ध्यान ठेवं ना तिनी? ठेवंच. तरी पाय गया."

एवढं बोलून ती वाकली. कोंबड्यावर डालं पालथं घातलं, वर दगड ठेवला, भोवती काटे रचले, आणि एक फट राहिली होती तिच्यात आणखी एक फांदी खोचली.